तेलातलं कुंकू

गौरी यायच्या दिवशी सकाळी सात वाजता पद्मजानं हॉलच्या कमानीवर कागद चिकटवला. लाल स्केचपेननं, मोठ्या अक्षरांत: 'चहा बाहेर. तेल बाहेर. ओले पाय बाहेर. आणि बाबा, तुम्हीसुद्धा.'

श्रीरंगनं चष्मा लावून तो दोनदा वाचला. "अगं, गौरींना तरी आत घेणार आहेस ना? की त्यांनाही पास काढावा लागेल?"

"बाबा, प्लीज यार. फ्लोअर सील नाही झालंय अजून."

गेले तीन आठवडे त्या घरात देवाचं नाव कमी आणि सीलचं नाव जास्त घेतलं जात होतं. फरीदाबादच्या त्या सेक्टरात ज्याच्या त्याच्या घरी आरशासारखा मार्बल, आणि सबनिसांच्या घरात लाल मातीच्या चौकोनी फरश्या. टेराकोटा. भिंती चुन्यानं पांढऱ्या केलेल्या, दारं कमानीची, खिडक्या निळ्या, जिन्याच्या पायऱ्यांना समोरून हातानं रंगवलेल्या टाइल. पद्मजा इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. याला मेडिटरेनियन म्हणतात, तिकडे समुद्राकाठी घरं अशीच असतात, हे तिनं नळवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. शेजारच्या चोप्रा आंटींनी मात्र फरशी बघून कुमुदला हळूच बाजूला घेतलं होतं. "भाभीजी, पत्थर बाद में डलवाओगे न?"

"बाद में भी यही रहेगा," कुमुदनं ठणकावून सांगितलं होतं.

कारण पोरीपेक्षा आईच जास्त वेडावली होती. बावन्न वर्षांची बाई, पण फरश्यांचा ट्रक आला त्या दिवशी फाटकाशी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. श्रीरंग मनातून मार्बलच्या बाजूचा होता. पण मायलेकी एक झाल्यावर त्याचं कोण ऐकतं?

तर आता अडचण अशी, की ही फरशी माठासारखी. पाणी पडलं तर पिते आणि तेल पडलं तर जन्माचं धरून ठेवते. म्हणून वरून अळशीच्या तेलाचा आणि मेणाचा हात द्यायचा, म्हणजे तिची भूक भागते आणि मग ती काही पीत नाही. हेच ते सील. पण यंदा पाऊस भाद्रपदातही हलेना. मिस्त्रीजी रोज येत, फरशीवर तळवा ठेवत आणि मान हलवत. "अभी नमी है, बिटिया. अभी तेल मारोगी तो सीलन अंदर रह जाएगी, बाद में सफ़ेदी फूटेगी." म्हणजे गौरी गेल्यावरच सील. तोवर हॉलभर जुनी वर्तमानपत्रं आणि पद्मजाचा पहारा.

"आई, दुसऱ्या खोलीत बसव ना गौरींना. बिल्कुल सेफ राहील," ती शेवटचं म्हणून बघत होती.

"नाही. हॉलमध्येच बसणार," कुमुद म्हणाली. "मोठी वहिनी आज पहिल्यांदा हे घर बघणार आहेत. त्यांच्या गौरी मी कोपऱ्यातल्या खोलीत कोंबू? वर्तमानपत्रं काढ ती सगळी. फरशी दिसली पाहिजे."

पद्मजानं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्यानं कागद गोळा करायला लागली. आज काय पणाला लागलंय, हे तिला माहीत होतं. शांताराम, श्रीरंगचा मोठा भाऊ, मे महिन्यात रिटायर झाला. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सप्टेंबरअखेर सोडायचं. दहा दिवस उरले होते. श्रीरंगनं हे घर बांधताना हॉलच्या मागं दोन खोल्या नि छोटंसं अंगण दादा-वहिनींसाठीच काढलं होतं. निळ्या दाराच्या खोल्या. शांतारामनं तर पुस्तकांची खोकी बांधूनही ठेवली होती. पण सुमित्रा हो म्हणेना. नाहीही म्हणेना. पुण्याला गुणवंतकडे, मुलाकडे जाऊ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या चौथ्या मजल्याला नावं ठेवायची. शेवटी एवढंच म्हणाली, गौरींना या खेपेला तिकडे नेते, मग बघू. कुमुदनं तो 'बघू' घट्ट धरून ठेवला होता.

*

गौरींचे मुखवटे स्टीलच्या डब्यात, डबा जुन्या शालूत आणि शालू सुमित्राच्या मांडीवर. बदरपूरला ट्रकांच्या गर्दीत व्हॅन अडकली तेव्हा पुढच्या सीटवरून शांतारामनं मान वळवली.

"आज तरी हो म्हणून टाक. श्रीरंग रोज फोन करतो, मला काय उत्तर द्यावं कळत नाही."

"गौरी घेऊन चाललेय मी, सामान नाही."

"अगं, पण अडतंय कुठं? कुमुद का परकी आहे?"

सुमित्रानं डब्यावरचा शालू घट्ट ओढून घेतला. कुमुद परकी असती तर सोपं होतं. अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन आली ती, आणि क्वार्टरचा व्हरांडा बंद करून त्यात सहा वर्षं श्रीरंग-कुमुदचा संसार झाला. तेव्हा दोघी जावा एकाच बादलीत कपडे भिजवायच्या. पण ते घर ना हिचं होतं ना तिचं. सरकारचं होतं. एकतीस वर्षं सुमित्रानं त्या घराची फरशी दुसऱ्याची म्हणून पुसली. भिंतीला खिळा ठोकायचा तर आधी मनात यायचं, क्वार्टर सोडताना तपासणीला येतील, भोकं मोजतील. तिच्या हातचं असं त्या घरात काही राहणारच नव्हतं, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आणि आता साठी जवळ आल्यावर पुन्हा दुसऱ्याच्या घरात. वाटी कुठं ठेवता ते विचारायचं, पडदा ओढू का विचारायचं. कुमुद काही म्हणणार नाही, पण आपण विचारत राहू, हे तिला नको होतं. हे नवऱ्याला कसं सांगायचं? त्याला वाटतं घर म्हणजे पुस्तकांची खोकी ठेवायला जागा.

"अहो, ड्रायव्हरला सांगा हळू घे म्हणावं," ती म्हणाली. "गौरी हिंदकळतायत."

*

फाटक उघडलं आणि सुमित्रा तिथंच थबकली. पांढरी भिंत, तिच्यावर राणीरंगाची बोगनवेल, खाली ओळीनं मातीच्या कुंड्या, आणि उघड्या दारातून आत थेट दिसणारी लाल जमीन. दुपारचं ऊन कमानीतून आत आलं होतं आणि फरशी तापल्यासारखी दिसत होती.

कुमुद वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिली. आवडलं का? नाही आवडलं? बोला ना हो काहीतरी!

शांतारामच आधी बोलला. "वा! श्रीरंग, मला सफदरजंगच्या मकबऱ्यात आल्यासारखं वाटतंय."

"दादा, आत ये, पंख्याखाली बस, मग मकबरा म्हण."

"मेली माती किती गार दिसते," सुमित्रा पुटपुटली. एवढंच. पण चपला तिनं पायरीच्या खालीच काढल्या, ते कुमुदनं पाहिलं.

आता पावलांचं. गौरींना उंबऱ्यापासून चौरंगापर्यंत पावलांवरून आणायचं, ही सबनिसांची रीत. पद्मजानं त्यावर जालीम उपाय काढला होता. सरोजिनी नगर मार्केटमधूनच तिनं सोनेरी प्लास्टिकच्या पावलांची पाकिटं आणली होती, मागं गोंद लावलेली. ना रंग, ना डाग. सकाळीच तिनं बावीस पावलं फरशीवर दाबून दाबून बसवली होती आणि स्वतःवर बेहद्द खूश होती. पण कच्च्या मातीला गोंद धरतो थोडाच! श्रीरंगनं दादासाठी पंखा पाचावर केला मात्र, सगळी पावलं एकदम उठली. चार सोफ्याखाली गेली, दोन शांतारामच्या धोतराला चिकटली, एक चोप्रा आंटींच्या कुत्र्यानं फाटकाबाहेर पळवलं.

सुमित्रा बघत राहिली आणि मग जी हसत सुटली! पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. "अगंबाई! लक्ष्मी आत यायच्या आधीच पळाली की गं! धरा तिला कुणीतरी!"

चार महिन्यांत वहिनी अशा हसल्या नव्हत्या. कुमुदलाही हसू आवरेना.

"उचल तो प्लास्टिकचा पसारा," सुमित्रानं डबा शांतारामच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला. "कुमुद, वाटी दे. हळद-कुंकू कुठं आहे? असू दे, दिसलं."

विचारलं नाही, हात घालून घेतलं. वाटीत कुंकू ओतलं, चिमूट हळद, आणि मग निरांजनापाशी ठेवलेला तेलाचा बुधला उचलून चांगलं चमचाभर तेल त्यात घातलं. बोटानं घोटलं. सगळं इतक्या सवयीनं, की पद्मजाला कळेपर्यंत वाटी खाली ठेवून सुमित्रा उंबऱ्याशी गुडघ्यावर बसलीसुद्धा होती.

"आई! तेल!" पद्मजा कुमुदच्या कानाशी किंचाळायचीच बाकी होती. "तेल का घालतेय ती?"

"क्वार्टरची सवय. तिथल्या घोटीव सिमेंटवर तेलातलं कुंकू वरच राहायचं, सोड्यानं पुसलं की साफ. पाण्यातलं बसायचं."

"पण इथं उलटं आहे! इथं कधीच नाही निघणार! थांबव ना तिला!"

कुमुदनं लेकीचं मनगट पकडलं. तिकडे सुमित्रानं मूठ वाटीत बुडवली, पहिल्या फरशीवर टेकवली, मग बोटाच्या टोकानं पाच ठिपके. पाऊल उमटलं. तिनं मान तिरकी करून पाहिलं आणि दुसरी मूठ बुडवली. भिंतीच्या कडेकडेनं पावलं सरकत होती, क्वार्टरच्या अरुंद पॅसेजात काढायची तशीच, कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून. काढताना ती काहीतरी गुणगुणत होती. व्हॅनमधून उतरलेली बाई ही नव्हतीच. ही कुमुदची सरोजिनी नगरातली मोठी वहिनी होती.

"आई, माझी पहिली फरशी आहे ही! माझ्या पोर्टफोलिओत जाणार होती!"

"माहीत आहे मला. गप."

"आई…"

"पदू, एक शब्द बोलशील तर बघ."

पद्मजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती गप्प बसली.

मग सगळं रीतीप्रमाणं झालं. दारात कुमुदच्या आणि पद्मजाच्या पायांवर दूध-पाणी, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकलेला. सुमित्रा घंटी वाजवत पुढं.

"कोण आलं?"

"गौरी आल्या!"

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्यारुप्याच्या पावलांनी!"

गौरींना स्वयंपाकघर दाखवलं, धान्याचे डबे दाखवले, जिना दाखवला. तिथल्या टाइलवर शांतारामनं उगाच बोट फिरवलं. निळ्या दारापाशी आल्यावर मात्र सुमित्राची घंटी थांबली. ती क्षणभर उभी राहिली आणि दार न ढकलता पुढं निघाली. मागून येणाऱ्या कुमुदच्या हातातला मुखवटा जड झाला. रात्री शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली, पण तिला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या, सोळा भाज्या आणि हळदीकुंकू. सेक्टरमधल्या बारा-पंधरा बायका आल्या. चोप्रा आंटी फरशीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हाय, भाभीजी! आज तो आपका फ़र्श भी मेहँदी लगाकर बैठा है!" पद्मजा ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली.

*

तिसऱ्या दिवशी गौरी परतल्या. दहीभाताचा नैवेद्य झाला, सुताचे दोरे वाटून झाले, आणि दुपारी सगळे जरा आडवे झाल्यावर सुमित्रानं बादली भरली. धुण्याचा सोडा, फडकं. जातो त्या घरची जमीन आपल्या हातानं साफ करून जायचं, ही तिची जुनी शिस्त. उंबऱ्याशी बसून पहिल्या पावलावर तिनं ओलं फडकं फिरवलं.

पाऊल हललं नाही.

तिनं सोडा जास्त घेतला. घासलं. फरशी पाणी पिऊन काळसर झाली, पाऊल तसंच. उलट जास्तच लाल झाल्यासारखं वाटलं. दुसरं घासलं. तिसरं. नखानं खरवडून पाहिलं तर नखात नुसती माती आली. बावीस पावलं! दारापासून चौरंगापर्यंत! पोरीनं एवढ्या हौसेनं केलेली, कुणाला चहाचा कप आत आणू दिला नाही ती जमीन!

"वहिनी, राहू द्या ते."

कुमुद कमानीत उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"निघत नाहीये गं! हे बघ, काहीच निघत नाहीये! रॉकेल आण जरा, रॉकेलनं बघते."

"रॉकेलनंही नाही निघणार. माती आहे ती, वहिनी. तेल पिऊन बसली."

सुमित्राचे हात थांबले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"काढत होते तेव्हाही?"

"हो."

"मग थांबवलं नाहीस का मला? तोंड नव्हतं तुला? नव्या घराची नासाडी केली मी! एकतीस वर्षं सरकारच्या फरशीवर ओरखडा उठू दिला नाही, आणि तुझ्याकडे पहिल्याच खेपेला…" तिचा आवाज फाटला. "म्हणून म्हणत होते मी, दुसऱ्याच्या घरात नको. हात लावू तिथं काहीतरी होईल. गुणवंतकडे जाते मी. चौथा मजला तर चौथा मजला."

कुमुद तिच्यासमोर खाली बसली, ओल्या फरशीवरच.

"क्वार्टरच्या व्हरांड्यात मी आरशासाठी खिळा ठोकला होता, आठवतं? लग्नाला महिना झाला नव्हता. तुम्ही एक कॅलेंडर टांगायचं तर खिडकीच्या गजाला दोरी बांधायच्या. मला काय ठाऊक? ठोकला. प्लास्टर हे एवढं निघालं. मी रडायला लागले."

सुमित्रा फडकं पिळत राहिली.

"तुम्ही आलात, हातोडी घेतलीत, आणि दुसरा खिळा तुम्हीच ठोकलात. म्हणालात, एकावर आरसा नीट बसत नाही, आणि रडतेस काय, तुझंच घर आहे. वहिनी, ते घर सरकारचं होतं. तुमचंसुद्धा नव्हतं. तरी तुम्ही मला देऊन टाकलंत." कुमुदनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "आता मी दिलेलं तुम्हाला घेता येत नाही होय?"

सुमित्रा मान खाली घालून रडायला लागली. दोघीही रडल्या, मोकळेपणानं, नाकं ओढत. व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पेपर आणखी वर धरले.

"पण देवीची पावलं कायमची जमिनीवर," सुमित्रानं डोळे पुसत विचारलं. "पायाखाली येतील ना गं. पाप लागेल."

"भिंतीच्या कडेनं काढलीयत तुम्ही. कोण चालतंय तिथून?"

तेवढ्यात अळशीच्या तेलाचा डबा आणि रुंद ब्रश घेऊन पद्मजा आली. दोन दिवस ती मोठ्या आईशी फक्त 'हो' आणि 'नको' एवढंच बोलली होती. तिनं डबा दाणकन खाली ठेवला.

"मिस्त्रीजी म्हणाले, दोन दिवस असंच ऊन राहिलं तर सील करू शकतो. ओलं केलंस तेवढं वाळू दे. मग पावलांवरूनच सील मारणार. म्हणजे नंतर कुणी घासलं तरी जाणार नाहीत." ती भिंतीला टेकून डोळे बारीक करून पावलांची रांग बघायला लागली. "पण मोठी आई, मला तुझं डिझाइन बिल्कुल पसंत नाही."

"चुकलं गं बाळा माझं," सुमित्रा घाईघाईनं म्हणाली.

"ते नाही. हे बघ ना, दारापासून निघाली, मस्त लाइन आली, आणि इथं चौरंगापाशी एकदम स्टॉप. अर्धवट दिसतं. तिथपर्यंत पाहिजेत." तिनं ब्रशनं दाखवलं. निळ्या दाराकडे.

सुमित्रानं दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "गौरी गेल्या आता. गेल्यावर त्यांची पावलं काढत नाहीत."

"त्यांची कोण म्हणतंय? तुझी काढ."

व्हरांड्यातला पेपर सळसळला. शांताराम खाकरला, पण यावेळी तो काही बोलला नाही, हे त्याच्या जन्माचं शहाणपण.

सुमित्रानं आपला उजवा हात उलटा करून पाहिला. करंगळीखालच्या कडेला, मुठीचा शिक्का उठायचा तिथं, तीन दिवसांचं कुंकू अजून होतं. मग तिनं चौरंगापासून निळ्या दारापर्यंतच्या फरश्या डोळ्यांनी मोजल्या. नऊ. दोन गुडघे टेकून ती शेवटच्या पावलापाशी सरकली आणि पदर खोचला.

"कुमुद, बघतेस काय? वाटी आण," ती म्हणाली. "आणि तेल जरा सढळ हातानं घाल."